लाइटनिंग कॉल ते स्टेटस: तालुक्याच्या गावात निरोप कसा पोचायचा?

थ्रीमिनिट्स · रविवार, दुपारी ३.१०

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण, एवढं पुरे.

मी १९८३ साली टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले आणि ३१ जानेवारी २०२० ला स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्या एका दिवशी देशभरात अठ्ठ्याहत्तर हजारांहून जास्त जण बाहेर पडले, त्यातली मी एक. मधल्या काळात खात्याची पाटी दोनदा बदलली. १९८५ मध्ये पोस्ट आणि टेलिफोन वेगळे झाले, २००० मध्ये बीएसएनएल झालं. माझी खुर्ची बरीच वर्षं तीच होती, एक पाय आखूड असलेली. खाली पुठ्ठ्याची घडी.

आमचं एक्स्चेंज पोस्टाच्या मागच्या खोलीत. मॅग्नेटो बोर्ड, शंभर लाइनी, त्यातल्या जेमतेम सत्तर चालू. तिकडे कोणी फोनचं हँडल फिरवलं की माझ्यासमोर त्या नंबरची झडप टपकन पडायची. कॉर्ड खुपसायची आणि "नंबर प्लीज" म्हणायचं. पण नंबर सांगतंय कोण! "डॉक्टरांकडं लाव गं." मग मी सांगायची, "डॉक्टर घरी नाहीत, आत्ता सरकारी दवाखान्यातनं फोन केला होता त्यांनी, तिकडं लावू का?" यात आपण काही विशेष करतोय असं कधी वाटलं नाही.

बाहेरगावचा कॉल सोलापूरमार्गे. साधा बुक केला तर संध्याकाळपर्यंत लागला तर लागला. अर्जंटला दुप्पट पैसे, सगळ्यांच्या आधी जोडायच्या लाइटनिंगला आठपट. म्हणून लाइटनिंग आला की आम्ही समजायचो, एक तर कोणी तरी गेलं नाही तर आमदारांना घाई आहे.

१९८६ च्या डिसेंबरात रात्री एकच्या सुमाराला पुण्याहून लाइटनिंग आला. ज्यांना हवा होता त्यांच्या घरी फोन नव्हता. त्यांनी दिलेला नंबर शेजारच्या अडत दुकानाचा, आणि ते रात्री बंद. पलीकडून थोरला मुलगा बोलत होता. वडलांना उपचाराला पुण्याला नेलं होतं, ते गेले होते. "आईला सांगा" एवढं म्हणून तो रडायला लागला आणि कॉलची तीन मिनिटं तशीच संपली.

आमचा लाइनमन व्हरांड्यात झोपायचा. त्याला उठवलं, सायकल काढायला लावली आणि बजावलं, "गेले असं म्हणू नकोस. जास्त झालंय, पहाटेच्या गाडीनं बोलावलंय म्हण. आणि त्यांच्या दाराला हात लावायच्या आधी शेजारच्या काकूंना उठव." पाऊण तासाने परत आला. "काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या तू जा आता, मी बघते." काकूंनी स्टोव्ह पेटवून चहा केला, पिशवी भरली आणि स्वतःही सव्वापाचच्या एसटीत बसल्या. सगळा रस्ता बाकीचं बोलल्या. खरं काय ते भिगवण आल्यावर सांगितलं.

हे आज आठवायचं कारण असं. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर पहाटे पाचला वारले. साडेपाचला नातवाच्या मित्राने स्टेटस ठेवलं, हार घातलेला फोटो, दोन पणत्या, भावपूर्ण श्रद्धांजली. मास्तरांची मुलगी पुण्यात असते. तिने ते दूध तापवता तापवता पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटांनी तिचा मला फोन, "मावशी, हे खरंय का?" मलाही तेव्हा काही माहीत नव्हतं. छत्तीस वर्षं लोकांचे निरोप पोचवले, आणि त्या वेळी मला एक धड वाक्य सुचलं नाही.

तर लहान गावात वाढलेल्यांनी सांगा, तुमच्याकडे निरोप कसा यायचा? आणि आता कसा येतो?

सदाफुली · रविवार, दुपारी ३.४२

भिगवणला अंगावर काटा आला. वाचत राहीन.

वाहक_निवृत्त · रविवार, रात्री ९.४०

ताई, सातारा जिल्ह्यात तीस वर्षं कंडक्टरकी केली. तुमचा तो पहाटेचा प्रवास मी गाडीतनं कितीदा तरी पाहिलाय. एक बाई खिडकीला, शेजारी दुसरी तिचा हात धरून सारखी बोलत असती. दोन तिकिटं फाडताना ओळखू यायचं. अशा वेळी सुट्ट्यावरनं वाद घालायचा नाही.

पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली, हे खात्यात सगळ्यांना पाठ. पण एसटी नुसती माणसं न्यायची असं ज्याला वाटतं त्याने मुक्कामी गाडी बघितलेली नाही. संध्याकाळी तालुक्यावरनं निघायचं, शेवटच्या गावात पाराजवळ गाडी लावायची, तिथंच झोपायचं आणि पहाटे परत. जाताना पेपर, औषधं, मोटारीचं रिवाइंडिंग करून आणलेलं वायडिंग, निवडणुकीचे निकाल. येताना डबे.

डब्यांचं सांगतो. खेड्यातली पोरं हायस्कुलाला नाही तर कॉलेजला तालुक्याला खोली घेऊन राहायची. आई पहाटे भाकरी करून डबा गाडीत द्यायची. झाकणावर ऑइलपेंटनं नाव. पुढच्या केबिनमध्ये दहा-बारा डबे एकमेकांवर आपटत यायचे. स्टँडवर पोरं वाट बघत उभी. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. याची पावती नाही, भाडं नाही, आणि नियमात बसतं का हेही कोणी विचारलं नाही.

एकदा एका डब्याबरोबर निरोप आला, "पोराला म्हणावं आज गाडीत बसून ये." कशाला ते मला माहीत होतं, आजी गेली होती त्याची. पोरगं विचारायला लागलं, "काका, काय झालंय?" मी म्हणालो, "मला काय माहीत, तुझं लग्न ठरवलं असंल." हसलं पोरगं. गावची वेस दिसेपर्यंत हसत होतं. ते बरं केलं का वाईट, अजून ठरत नाही माझं.

आताचं म्हणाल तर १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालंय. माझी बहीण पूर्वी मयतीचं कळलं तरी "दोघांचं भाडं कशाला" म्हणून घरी बसायची, नवराच जाऊन यायचा. आता ती स्वतः जाती. दहाव्याला, बाळंतिणीला, नुसतं भेटायलाबी. निरोप फोनवर येतो, पण बाया गाडी भरून जातात. हे पण लिहा कुठं तरी.

जकातनाका · सोमवार, सकाळी ८.०५

आयडी बघून कळलंच असेल. माझे वडील नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून होते. टेलिफोन एक्स्चेंजच्या खालोखाल गावाची बित्तंबातमी आमच्या घरात असायची.

तरुण मंडळींसाठी: गावात विकायला, वापरायला येणाऱ्या मालावर नगरपालिका जकात घ्यायची. वेशीवर एक खोली, आडवा बांबू, त्याला दगड बांधलेला. ट्रक थांबणार, चिठ्ठी दाखवणार, पावती फाटणार. म्हणजे गावात कोणाकडे काय आलं हे त्या माणसाच्या बायकोच्या आधी वडलांना कळायचं. फ्रीज कोणाचा, फरशी कोणाची, लग्नाचा बस्ता केवढ्याचा. एका व्यापाऱ्याकडे दिवाळीला एकाच रंगाच्या, एकाच काठाच्या दोन साड्या येत. त्याच्या घरात बाई एकच. वडलांनी हे आईलाही सांगितलं नव्हतं, मला सांगितलं ते तो व्यापारी वारल्यावर.

१९८४ च्या आसपास लहान गावांसाठी दूरदर्शनची छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली आणि नाक्यावरून टीव्हीची खोकी यायला लागली. आमच्या गल्लीतला पहिला टीव्ही टेम्पोतून उतरायच्या आधी त्या घराच्या कट्ट्यावर चाळीस पोरं बसलेली होती. घरमालक आजोबा हैराण, "कोणी सांगितलं यांना?" मी सांगितलं होतं. वडलांनी नंतर हाणलं मला.

१९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली. (महानगरपालिकांची त्यानंतरही बरीच वर्षं चालू होती.) नाक्याची खोली अजून आहे, तिथे आता पंक्चरवाला बसतो. लोकांना आनंद झाला आणि तो बरोबरच होता, नाक्यावरची चिरीमिरी मी काही नाकारत नाही. पण एक गोष्ट कोणी बोलत नाही. जकात हा नगरपालिकेचा स्वतःचा रोजचा पैसा होता. तो गेल्यावर गटार तुंबलं तरी अनुदान येईपर्यंत थांबा. पूर्वी नगराध्यक्ष नाक्यावर येऊन विचारायचे, "आज किती झाले?" आता मुंबईला फोन करून विचारतात, "कधी सोडताय?"

विषयांतर झालं. मुद्दा एवढाच की वडील निरोप पोचवत नव्हते. ते निरोप अडवत होते, आणि आमच्या गावातली निदान दोन घरं त्यामुळे टिकली.

अबोली_क · सोमवार, सकाळी ११.२०

सगळं फार गोड चाललंय. मी जरा मीठ टाकते.

१९९४. मी कॉलेजला, मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. स्टँडसमोर एसटीडी बूथ. पिवळी पाटी, काचेचं कपाट, आत बंद पडलेला पंखा, भिंतीवर लाल आकडे पळतायत. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून साडेदहापासून रांग. मुलींना अर्थातच ती सोय नाही, रात्री अकराला कोणती मुलगी स्टँडवर जाणार? आम्ही भर दुपारी पूर्ण दराने बोलायचो. तीन मिनिटं सुद्धा नाही, मीटरवर नजर ठेवून.

मी एका मुलाशी बोलायचे. नाशिकला होता. चार वेळा बोलले असेन. पाचव्या वेळी बूथवाल्याने पावती हातात देताना म्हटलं, "नाशिकला कोण असतं गं तुमचं?" संध्याकाळी वडलांना कळलेलं होतं. त्याने तारीख, वेळ, नंबर, सगळं वहीत लिहून ठेवलं होतं. वडलांना ती वही दाखवली, आणि वडील त्याचे आभार मानून आले. पुढच्या आठ महिन्यांत माझं लग्न झालं. संसार बरा चाललाय, तो मुद्दा नाही.

तुम्ही सगळे ज्याला आपुलकी म्हणताय तिला आमच्याकडे वही होती. काकू बरोबर आल्या, चहा केला, फार छान. पण त्याच काकू मी खिडकीत किती वेळ उभी होते हेही सांगायच्या. दोन वेगवेगळ्या काकू नव्हत्या त्या.

माझी मुलगी आज त्याच गावात आजीकडे राहून शिकते. कोणाशी बोलते मला माहीत नाही. काळजी वाटते. पण कोणा बूथवाल्यालाही माहीत नाही, याचं जे सुख आहे ते मला शब्दांत सांगता येणार नाही.

थ्रीमिनिट्स, तुम्हाला थेट विचारते. तुम्ही ऐकायचात का?

नॅरोगेज · सोमवार, दुपारी १.००

उत्तर येईपर्यंत माझं घोडं दामटतो.

आमच्याकडे निरोप गार्डबरोबर जायचा. बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी गेज, कुर्डुवाडी ते बार्शी १८९७ साली सुरू. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. चढावर उतरून चालता यायचं आणि परत चढता यायचं, यात अतिशयोक्ती थोडीच आहे. स्टेशनमास्तरच्या खोलीत हँडलवाला फोन असायचा, पुढच्या स्टेशनशी बोलायला. त्यावरून "अमुक पाटलांच्या सुनेला मुलगा झाला, गाडीतल्या पाटलांना सांगा" असले निरोप बिनधास्त चालायचे.

आता त्याच मिरज ते लातूर वाटेवर ब्रॉडगेज आहे. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली ती याच वाटेने. पहिल्या खेपेला सुमारे पाच लाख लिटर. मी ती बघायला कुर्डुवाडीला थांबलो होतो. फलाटावर गर्दी होती, सगळ्यांचे हात वर आणि हातात मोबाईल. एक म्हातारी मात्र हात जोडून उभी होती. नॅरोगेजच्या गाडीलाही लोक असेच हात जोडायचे, पण ती आषाढीला.

वऱ्हाडी_ठेचा · सोमवार, दुपारी १.१५

आमची शकुंतला राहिली ना भाऊ! मूर्तिजापूर ते अचलपूर. तिच्यात निरोप पाठवला तर निरोपाच्या आधी माणूस सायकलीनं पोचायचा. 😄

वेशीपलीकडे · सोमवार, रात्री १०.५०

अबोली यांनी मीठ टाकलं, मी त्याच ताटात आणखी थोडं टाकतो.

निरोप माणसाच्या तोंडून यायचा, खरं आहे. पण माणूस कोणाच्या दारापर्यंत यायचा, हे या धाग्यावर अजून कोणी विचारलं नाही. आमची वस्ती गावाच्या पूर्वेला, ओढ्यापलीकडे. पोस्टमन ओढा ओलांडायचा नाही. आमची सगळी पत्रं स्टँडवरच्या एका हॉटेलात ठेवून जायचा. आमच्यातलं कोणी तिकडे गेलं की हॉटेलवाला बरणीमागून काढून द्यायचा. मनिऑर्डरसाठी मात्र वस्तीत निरोप यायचा, कारण अंगठा लागायचा आणि चहापाण्याचे दोन रुपये मिळायचे.

१९९१ मध्ये थोरल्या भावाला मुलाखतीचं बोलावणं आलं. सरकारी नोकरी, राखीव जागा, बी.ए. झालेला वस्तीतला पहिला मुलगा. पत्र हॉटेलात पडून राहिलं. हातात आलं तेव्हा मुलाखत होऊन चार दिवस झाले होते. वर चहाचा गोल डाग होता. भावाने ते पत्र टाकून दिलं नाही, अजून पेटीत आहे. कशाला ठेवलंयस विचारलं तर म्हणतो, "तारीख विसरू नये म्हणून."

मी जेव्हा पहिला मोबाईल घेतला, सेकंडहँड, बटणं झिजलेली, तेव्हा मला इंटरनेट वगैरे काही नको होतं. कोणाला मध्ये न घेता फोन माझ्याकडे येतो, एवढंच हवं होतं. आज माझ्या पुतणीला परीक्षेचं हॉलतिकीट फोनवर येतं. थेट. ओढा, हॉटेल, बरणी, काही नाही.

स्टेटसवर बापाच्या मरणाची बातमी वाचणं वाईटच. मास्तरांच्या मुलीबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण हळू आवाजात, हात धरून बातमी सांगणारं कोणी असणं ही चैन होती, ताई. गावातल्या सगळ्यांना ती परवडत नव्हती.

थ्रीमिनिट्स · सोमवार, रात्री ११.३०

वेशीपलीकडे, दोनदा वाचलं. आमच्या शंभर लाइनींपैकी एकही तुमच्या बाजूला नव्हती. छत्तीस वर्षांत हा हिशेब मी कधी केला नव्हता. आज बोर्ड डोळ्यापुढे आणून एकेक झडप मोजली.

अबोली, तुमचं उत्तर द्यायचंय. उद्या लिहिते.

गावगुंड_नव्हे_ॲडमिन · मंगळवार, सकाळी ७.४५

माझं वय २६. आयडी जुन्या भांडणातून आलाय, सोडा. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नगरपंचायतीच्या गावात राहतो, सीएससी सेंटर (ऑनलाइन सरकारी कामांचं) चालवतो आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. ग्रुपमध्ये जास्तीत जास्त १,०२४ माणसं बसतात. आमचा भरलाय, वेटिंग आहे. म्हणजे आता बोर्डसमोर मी बसतो, फक्त पगार नाही.

दिवसभरात काय येतं सांगतो. पाणी किती वाजता सुटणार. लाइट कधी येणार. हरवलेली चावी. हरवलेली म्हैस. वाढदिवसाचे फ्लेक्स, ज्यात मुख्य माणूस शोधावा लागतो. कांद्याचा भाव. आणि मयत. मयतीच्या पोस्टखाली तीनशे हात जोडलेले, मध्येच एकाने चुकून अंगठा दाखवलेला, मग त्याच्यावर भांडण.

दोन वर्षांपूर्वी असंच झालं. दवाखान्यात एक काका सीरियस होते, कोणी तरी घाईने श्रद्धांजली टाकली. काका जिवंत! ते पुढे अकरा दिवस जगले. घरच्यांनी मला ग्रुपवर नाही, चौकात धरलं. तेव्हापासून नियम केलाय की घरच्यांपैकी एकाने मला स्वतः फोन केल्याशिवाय मयतीची पोस्ट ठेवायची नाही, कोणी टाकली तर मी उडवतो. फोन आला की मी पहिला प्रश्न विचारतो, "बाहेरगावी कोणाला कळवायचं राहिलंय का?" राहिलं असेल तर पोस्ट थांबवतो. स्टेटसवर माझं काही चालत नाही. पण ग्रुपवर चालतं.

माझे मित्र म्हणतात तू लय सीरियस घेतोस. घेतो, कारण दुसरं कारण मोठं आहे. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज महिनाभर फिरत होते. त्या रविवारी आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण, पोटासाठी गावोगाव फिरणारे, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. जमावाने मारून टाकले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं जाहीर केलं. मी तेव्हा बारावीत गेलो होतो. तसलाच मेसेज आमच्याकडेही आला होता आणि मी तो चार ग्रुपवर टाकला होता. "सावध राहा, शेअर करा." मी. या बोटांनी.

जुन्या काळी असा निरोप ऑपरेटर मावशीकडे आला असता तर त्यांनी पलीकडच्याला विचारलं असतं, "कोण बोलतंय? कोणाचं पोरगं गेलं?" मला तेव्हा कोणीच विचारलं नाही. आता मी विचारतो. शिव्या खातो. चालायचंच.

जकातनाका · मंगळवार, सकाळी ८.३०

ॲडमिनराव, वडील असते तर तुम्हाला नाक्यावर ठेवून घेतलं असतं. बांबूसकट.

वाहक_निवृत्त · मंगळवार, सकाळी ९.०२

पोरा, तुझ्या गावाला गाडी जाती का सांग. एकदा चहाला येतो.

थ्रीमिनिट्स · मंगळवार, दुपारी ४.१५

अबोली, हो. ऐकायचो.

बोर्डवर त्यासाठी चावीच असते. लाइन चालू आहे का, बोलणं संपलं का, हे तपासायला ती द्यावीच लागते, नाहीतर कॉर्ड काढणार कधी? चावी लगेच सोडायची असा नियम. दिवसा सोडायला लागायचीच, एवढ्या झडपा पडायच्या. रात्रपाळीला कधी सोडली, कधी नाही. नोकरीला लागताना गुप्ततेच्या कागदावर सही घेतली होती. १८८५ चा तार कायदा, ऐकलेलं बाहेर सांगितलं तर शिक्षा. तुमच्या बूथवाल्याने असल्या कशावर सही केली नव्हती, पण म्हणून मी त्याच्यापेक्षा चांगली ठरते असं नाही.

जे लिहिते ते आजवर फक्त माझ्या नवऱ्याला माहीत होतं. १९८८. माझ्या मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. आठ दिवसांवर आलेलं. मांडवाचे बांबू दारात पडलेले. मुलाकडचे पाहुणे इथे त्यांच्या नातलगाकडे उतरले होते. रात्री त्या घरातून कोल्हापूरला कॉल बुक झाला. मी जोडून दिला आणि चावी सोडली नाही. मुलाचे काका बोलत होते. मुलाचं आधी एक लग्न झालेलं होतं, ती मुलगी माहेरी होती, कागदपत्रं काहीच झालेली नव्हती. "इथं कोणाला कळलेलं नाही, आठ दिवस तोंड बंद ठेवा." अडीच मिनिटं.

मी त्या रात्री काय काय विचार केला ते लिहीत बसत नाही. नोकरी जाईल असं वाटलं, हे खरं. घरात माझाच पगार होता. पण तेवढंच नव्हतं. मी सांगितलं असतं तर गावाला कळलं असतं की ही बाई ऐकते. मग कोणीच माझ्यासमोर बोललं नसतं. आणि खरं सांगते, त्या खुर्चीत मला जी किंमत होती ती मला हवी होती.

लग्नाला गेले. अक्षता टाकल्या. जिलबी वाढायला उभी होते.

ती मुलगी अकरा महिन्यांनी परत आली. पोटुशी.

जकातनाका, तुमच्या वडलांनी अडवलेल्या निरोपांनी घरं टिकली असं तुम्ही लिहिलंत. मी अडवलेला निरोप असा होता.

अबोली_क · मंगळवार, दुपारी ४.५०

रागाने विचारलं होतं मी. आता काय लिहावं कळत नाहीये. म्हणून गावाचं नाव नाही लिहिलंत?

थ्रीमिनिट्स · मंगळवार, दुपारी ५.०५

म्हणूनच.

नॅरोगेज · मंगळवार, रात्री ८.२०

त्यांचं पुढे काय झालं? विचारू नये कदाचित.

थ्रीमिनिट्स · मंगळवार, रात्री ९.३५

विचारा की. ती गावातच आहे. मुलाला एकटीने वाढवलं, शिवणकाम केलं, नंतर अंगणवाडीत लागली, आता निवृत्त झालीय. मुलगा चाकणला कंपनीत आहे. गेल्या वर्षी त्याने तिला मोठा फोन घेऊन दिला. कसा वापरायचा ते तिने माझ्याकडून शिकून घेतलं. चार दुपारी आमच्या ओट्यावर बसून शिकली. "तुला फोनमधलं सगळं कळतं" म्हणाली.

रोज सकाळी सहा वाजता तिचा मेसेज येतो. शुभ सकाळ, वर गुलाबाचं फूल, दवाचे थेंब पडलेले. मी उलट मोगऱ्याचं पाठवते.